दुसऱ्याचे सैन्य घडवताना : लष्करी सल्लागारासाठी मार्गदर्शन

परक्या देशाच्या सैन्यात किंवा पोलीस दलात सल्लागार म्हणून जाणाऱ्या अधिकाऱ्याकडे पद असते, अनुभव असतो, पाठीशी आपल्या देशाचे वजन असते. नसतो तो फक्त हुकूम देण्याचा अधिकार. आयुष्यभर हुकूम देण्याघेण्यात मुरलेल्या माणसाला हे पचवणे फार जड जाते आणि सल्लागारांच्या बहुतेक चुकांचे मूळ तिथेच सापडते. २ जानेवारी १९६३ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील आप बाक या खेड्याजवळ लढाई झाली, तेव्हा अमेरिकी सल्लागार लेफ्टनंट कर्नल जॉन पॉल व्हॅन एका लहान टेहळणी विमानातून रणांगणावर घिरट्या घालत होते. खाली दक्षिण व्हिएतनामी सैन्याची चिलखती वाहनांची तुकडी जागची हलत नव्हती आणि व्हॅन रेडिओवरून कितीही आर्जवे करोत वा संतापोत, त्यांच्या हातात त्यापलीकडे काही नव्हते. त्या दिवशी पाच हेलिकॉप्टर गेली, तीन अमेरिकी मारले गेले आणि संख्येने कितीतरी कमी असलेला शत्रू रात्रीच्या अंधारात निसटला. वरवर पाहता हा नुसता भित्रेपणा वाटतो. परंतु अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांना आपल्या सैन्याची जीवितहानी नको होती आणि जो अधिकारी माणसे गमावील त्याच्यावर त्यांची मर्जी राहणार नाही, हे तिथल्या अधिकाऱ्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून ‘हा माझे का ऐकत नाही’ या प्रश्नाआधी ‘याला कोणाची भीती आहे आणि कोणाच्या मर्जीवर याचे पद टिकून आहे’ याचा शोध सल्लागाराने घ्यावा. पुढील सर्व सूचना या एका प्रश्नाभोवती फिरतात.

निघण्यापूर्वी

पहिले काम कागदपत्रांचे आहे. यजमान देशाशी झालेला करार दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यावर समाधान न मानता स्वतः वाचावा. आपल्या हातून गुन्हा घडल्यास किंवा तसा आरोप झाल्यास कोणत्या देशाचा कायदा लागू होणार, शस्त्र बाळगायचे की नाही, तुकडीबरोबर मोहिमेवर जायचे की छावणीच्या फाटकाशी थांबायचे, आणि परिस्थिती बिघडली तर बाहेर काढण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत. १९८०च्या दशकात एल साल्वादोरमध्ये अमेरिकेने आपल्या लष्करी प्रशिक्षकांची संख्या ५५ वर बांधून घेतली होती आणि त्यांनी प्रत्यक्ष लढाईत भाग घ्यायचा नाही असा दंडक होता. तिथे गेलेल्यांना ही मर्यादा जाचक वाटत असे. माझ्या मते मात्र ती त्या मोहिमेची जमेची बाजू होती, कारण परकी माणसेच थोडी असल्यामुळे लढण्याचे काम स्थानिक सैन्याला स्वतःच्या अंगावर घ्यावे लागले.

दुसरा अभ्यास त्या सैन्याच्या इतिहासाचा. भरती कोणत्या प्रदेशातून आणि कोणत्या समाजातून होते, वरच्या नेमणुका गुणवत्तेवर होतात की नातेसंबंधांवर, मागचे बंड कोणी केले आणि त्यानंतर राज्यकर्त्यांनी सैन्याचे पंख कसे कापले, हे ठाऊक नसेल तर समोर दिसणारी प्रत्येक विचित्र गोष्ट निव्वळ गबाळेपणा वाटेल. काही देशांत दोन तुकड्यांमधला संपर्क मुद्दाम तुटक ठेवलेला असतो. सैन्य एकजुटीने राजधानीवर चालून येऊ नये, हा त्यामागचा हेतू. अशा ठिकाणी सुसूत्र संपर्कव्यवस्थेचा आराखडा घेऊन जाणारा सल्लागार आपण कोणत्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवत आहोत, हे जाणत नाही.

भाषेबद्दल थोडक्यात इतकेच, की पूर्ण भाषा शिकायला वेळ नसला तरी अभिवादन, अंक, पदनामे, शस्त्रांची व आजारांची नावे आणि आभार मानण्याचे चार प्रकार तरी शिकून जावे. उच्चार चुकले तर लोक हसतात, आणि तसे हसू आलेले चांगलेच.

पहिले चार आठवडे

या काळात काहीही बदलू नये. बसावे, पाहावे आणि मोजावे. मोजण्यास सर्वांत योग्य दिवस पगाराचा. टेबलापासून चार पावलांवर खुर्ची टाकून बसावे. कारकून हजेरीपटावरून नाव पुकारतो, शिपाई पुढे येतो, अंगठा उठवतो आणि नोटा घेतो. मग पुढचे नाव येते आणि कोणीच पुढे येत नाही, तरीही कारकुनाची पेन्सिल त्या नावापुढे खूण करते आणि ती रक्कम एका वेगळ्या पाकिटात जाते. त्या क्षणी तोंडातून अवाक्षर काढू नये. संध्याकाळी भटारखान्यात किती जणांचा शिधा शिजला ते विचारावे आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रागारातील रायफली मोजाव्यात. समजा, पटावर सहाशे नावे आहेत, जेवणारी तोंडे सव्वाचारशे आणि रायफली चारशे. तर हे तीन आकडे त्या बटालियनबद्दल जे सांगतात ते कोणत्याही सादरीकरणातून कळणार नाही.

मात्र पट आणि ताट यांतला सगळा फरक चोरीचा असतो असे मानण्याची घाई करू नये. काही जण रजेवर असतात, काही रुग्णालयात, आणि काही नावे मेलेल्या शिपायांची असतात, जी कमांडरने जाणूनबुजून पटावर ठेवलेली असतात. निवृत्तिवेतनाची व्यवस्थाच चालत नसल्यामुळे तो पगार विधवेच्या घरी पोहोचवण्याचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नसतो. उरलेला भाग मात्र खरोखर खिशात जातो आणि त्याचे परिणाम भयंकर होतात. जून २०१४ मध्ये मोसुल शहर इस्लामिक स्टेटच्या हाती पडले, तेव्हा तिथले इराकी सैन्य कागदावर हल्लेखोरांच्या कित्येक पट होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी इराकी सैन्याच्या पटावर ५०,००० बनावट नावे सापडल्याचे जाहीर केले. अफगाणिस्तानातही हाच रोग होता.

यावर सल्लागाराने करण्यासारखे काय? चारचौघांत विषय काढला तर संबंध तुटतो आणि पट तसाच राहतो. एकांतात, चहाच्या पेल्यावर, ‘आपल्याला चौकीसाठी माणसे कमी पडतात, तर मंजूर संख्याबळ आणि प्रत्यक्ष संख्याबळ यांचा मेळ घालून पाहू या का’ असा कामाच्या अंगाने प्रश्न मांडावा. ज्याला स्वतःलाही हे बदलायचे आहे तो कमांडर ही वाट घेईल. न घेणाऱ्याबद्दलही काहीतरी कळलेच. पैसा मधल्या हातांतून न जाता थेट शिपायाकडे जाईल अशी व्यवस्था वरच्या पातळीवर होत असेल तर तिला सर्व बळ द्यावे. २००९ मध्ये काही अफगाण पोलिसांना मोबाइलवरून पगार देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा त्यांच्यापैकी काहींना आपला पगार वाढला असे वाटले. वास्तविक, पूर्ण पगार त्यांच्या हाती पहिल्यांदाच पडला होता.

समकक्ष अधिकारी

ज्या कमांडरला सल्ला द्यायचा तो अनेकदा वयाने मोठा असतो आणि त्याने प्रत्यक्ष युद्धात घालवलेली वर्षे सल्लागारापेक्षा जास्त असतात. सल्लागार वर्षभराने घरी जाणार असतो. कमांडर मात्र तिथेच राहणार, त्याचे कुटुंब तिथेच राहणार आणि सरकार उलटले तर हिशेब त्यालाच द्यावा लागणार. त्याच्या सावधपणाचा अर्थ या नजरेने लावावा. सैनिकांसमोर त्याला कधीही दुरुस्त करू नये. बैठकीत त्याच्या शेजारी किंवा थोडे मागे बसावे, पुढे नव्हे. आपली सूचना चार दिवसांनी त्याच्या तोंडून त्याची स्वतःची म्हणून बाहेर पडली तर मान डोलवावी आणि तिचे पितृत्व विसरून जावे.

शब्द देताना हात आखडता ठेवावा. ‘वरिष्ठांना विचारतो’ हे वाक्य अनेक समाजांत होकार म्हणूनच ऐकले जाते. रेडिओ संच किंवा वाहने मिळतील असे नुसते सूचित केले आणि ती आली नाहीत, तर पुढचे सहा महिने तोंड दाखवायला जागा उरत नाही. भेटवस्तूंचा विधिनिषेध आधीच ठरवून घ्यावा. आणि ज्या सैन्याबरोबर काम करायचे त्याच्याबद्दल आपल्या माणसांत, आपल्या भाषेतही, टिंगलीच्या सुरात बोलू नये. छावणीतल्या भिंती पातळ असतात आणि वाटते त्याहून कितीतरी अधिक लोकांना आपली भाषा समजत असते.

दुभाषी

सल्लागाराचे निम्मे काम दुभाष्याच्या जिभेवर अवलंबून असते, तरी त्याच्या तयारीवर खर्च होणारा वेळ नगण्य असतो. चांदमारीच्या मैदानावर काय होऊ शकते ते पाहा. प्रशिक्षक म्हणतो, ‘शस्त्र रिकामे करा.’ त्याच्या मनात मॅगझिन काढणे, कक्षातली गोळी बाहेर घेणे आणि तपासणीसाठी उभे राहणे असते. दुभाषी कालपर्यंत महाविद्यालयात वाङ्मय शिकत होता. तो शब्द तसेच्या तसे पुढे पोहोचवतो, आणि रांगेतला शेवटचा शिपाई ‘रिकामे करा’ याचा सरळ अर्थ लावून उरलेल्या सर्व गोळ्या लक्ष्याच्या दिशेने झाडून टाकतो. चूक शिपायाचीही नाही आणि दुभाष्याचीही नाही. प्रत्येक धड्याच्या आदल्या संध्याकाळी दुभाष्याला घेऊन बसावे, त्यातील वीस-पंचवीस शब्द त्याला शस्त्र हातात देऊन समजावावेत, स्थानिक सैन्यात त्यासाठी कोणता शब्द रूढ आहे हे तिथल्या एखाद्या जुन्या हवालदाराकडून पक्के करून घ्यावे, आणि ही शब्दसूची पुढच्या सल्लागारासाठी जपून ठेवावी.

बोलताना दुभाष्याकडे नव्हे, समोरच्या अधिकाऱ्याकडे पाहावे. एका वेळी एक विचार मांडून थांबावे. विनोद आणि म्हणी टाळाव्यात. दुभाषी कोणत्या गावचा आणि कोणत्या गटाचा आहे हे विचारात घ्यावे, कारण कमांडर ते आधीच विचारात घेत असतो. शेवटी, परकीयांसाठी काम केल्याची किंमत दुभाष्याला व त्याच्या घरच्यांना मोजावी लागू शकते. त्याचे नाव, छायाचित्र आणि पत्ता यांची गुप्तता ही सल्लागाराची जबाबदारी आहे आणि ती मोहीम संपल्यावरही संपत नाही.

शिकवणे

आपल्या सैन्याची प्रतिकृती उभी करण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण प्रत्येकाला तेवढेच येत असते. १९५०च्या दशकात दक्षिण व्हिएतनाममध्ये अमेरिकी सल्लागारांनी कोरियातला अनुभव डोळ्यांसमोर ठेवून सीमेवरून होणाऱ्या उघड आक्रमणाला तोंड देणाऱ्या डिव्हिजन उभ्या केल्या. प्रत्यक्षात युद्ध खेड्यापाड्यांतून पेटले. अफगाणिस्तानात हवाई दलाला परिचित असलेल्या रशियन बनावटीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक देण्याचा निर्णय झाला. एमआय-१७ ची बरीच देखभाल अफगाण तंत्रज्ञांना जमत होती, तर ब्लॅक हॉकची देखभाल परकीय कंत्राटदारांच्या हाती राहिली. २०२१ मध्ये ते कंत्राटदार देश सोडून गेले आणि यंत्रे उभी राहू लागली. वस्तू देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: आपण येथे नसताना हिचा सुटा भाग कोण मागवणार, कोठून, आणि कोणाच्या सहीने?

या प्रश्नावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण सल्लागाराची खरी कसोटी येथेच लागते. समजा, ट्रकच्या बॅटऱ्या संपल्या आहेत. बटालियनने मागणीपत्र पाठवले आहे, ते ब्रिगेडच्या मुख्यालयात कोणाच्या तरी खणात पडून आहे, आणि सल्लागाराने आपल्या देशाच्या भांडारात एक फोन केला तर बॅटऱ्या उद्या हजर होतील. तो फोन करू नये. मागणीपत्राची प्रत घेऊन समकक्ष अधिकाऱ्यासह ब्रिगेडला जावे, तो खण कोणाचा आहे ते शोधावे, कागद का अडला ते समजून घ्यावे आणि पुढच्या मुख्यालयात तोच शोध चालू ठेवावा. यात तीन आठवडे जातील, ट्रक उभे राहतील, आपल्याच वरिष्ठांकडून बोलणी बसतील. पण फोन केला असता, तर मागणीपत्र लिहिण्यात अर्थ नाही हा धडा त्या बटालियनने कायमचा शिकला असता. अपवाद एकच: जखमींचे प्राण वाचवण्याचा प्रश्न असेल तेव्हा कोणतेही तत्त्वज्ञान मध्ये आणू नये.

प्रशिक्षणाचा आरंभ शिपायांपासून नव्हे, त्यांना शिकवणाऱ्यांपासून करावा. नाईक-हवालदारांच्या पातळीवरचे निवडक उस्ताद आधी तयार करावेत. पहिल्या तुकडीला सल्लागाराने शिकवावे आणि त्यांनी पाहावे, दुसऱ्या तुकडीला दोघांनी मिळून शिकवावे, आणि तिसऱ्या तुकडीच्या वेळी सल्लागाराने मैदानाच्या कडेला वही घेऊन गप्प बसावे. हे गप्प बसणे भलतेच अवघड असते. अनेक सैन्यांत हवालदाराला स्वतःहून निर्णय घेण्याची मुभाच नसते आणि अधिकाऱ्यांना ती द्यावीशीही वाटत नाही; तिथे प्रशिक्षणाने हवालदार बदलतो, पण त्याचा अधिकारी बदलत नाही, आणि परतल्यावर तो पुन्हा निमूटपणे हुकमाची वाट पाहत उभा राहतो. म्हणून अधिकाऱ्यांनाही त्याच मैदानावर आणावे.

अक्षरओळख हा लष्करी विषय आहे हे नाटोला अफगाणिस्तानात उशिरा उमगले. आपल्या रायफलवरचा क्रमांक न वाचता येणारा शिपाई ती हरवली की बदलली हे सांगू शकत नाही, पगाराच्या पावतीवरचा आकडा पडताळू शकत नाही आणि नकाशावर बोट ठेवू शकत नाही. निरक्षर तुकडीसाठी फळ्यावरचे व्याख्यान बाजूला ठेवून वाळूचा नकाशा, दगड, काड्या आणि प्रत्यक्ष सराव वापरावा आणि अक्षरओळखीचा तास सरावाच्या वेळापत्रकातच बसवावा.

कायदा, गैरवर्तन आणि स्वतःची सुरक्षितता

शिकवलेले कौशल्य कोणावर वापरले जाईल, हा प्रश्न सल्लागाराने वरिष्ठांवर सोडून मोकळे होऊ नये. डिसेंबर १९८१ मध्ये एल साल्वादोरमधील एल मोझोते आणि आसपासच्या वस्त्यांत शेकडो नागरिकांची, त्यात मोठ्या संख्येने मुलांची, कत्तल झाली. ती करणारी अत्लाकात्ल बटालियन अमेरिकी प्रशिक्षकांच्या हाताखालून गेलेली होती. मालीमध्ये मार्च २०१२ चे बंड करणारा कॅप्टन अमादू सानोगो हाही अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आलेला होता. प्रशिक्षणामुळे हे घडले असे म्हणणे सोपे करून सांगणे होईल, परंतु कवायतीबरोबर विवेक आपोआप येत नाही एवढे त्यातून नक्की दिसते. जिनिव्हा करारांच्या सामायिक पहिल्या कलमानुसार राष्ट्रांनी ते करार स्वतः पाळायचे आहेत आणि इतरांकडून पाळले जातील हेही पाहायचे आहे. अमेरिकेच्या लेही कायद्यान्वये मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाची विश्वासार्ह माहिती असलेल्या तुकडीस मदत देता येत नाही. आपल्या देशाचा असा नियम कोणता आहे ते जाण्यापूर्वीच वाचावे.

युद्धकैद्यांना द्यायची वागणूक हा विषय वेगळ्या व्याख्यानात न टाकता प्रत्येक सरावात आणावा: चौकी ‘जिंकल्यावर’ शरण आलेला माणूस, जखमी शत्रू, बघ्यांमधली बाई, असे प्रसंग सरावाच्या शेवटी उभे करावेत. प्रत्यक्ष छळ दिसला तर तिथल्या तिथे विरोध नोंदवावा, वेळ, जागा आणि पाहिलेली गोष्ट लिहून ठेवावी, त्याच दिवशी आपल्या साखळीत कळवावे आणि पुनरावृत्ती झाल्यास मदत थांबवण्याची शिफारस करावी. ‘संबंध बिघडतील’ हे कारण येथे ग्राह्य धरू नये.

सुरक्षिततेचा पेच निराळा आहे. अफगाणिस्तानात गणवेशधारी सहकाऱ्यांनीच परकीय सैनिकांवर केलेले हल्ले २०१२ मध्ये शिगेला पोहोचले. काहींमागे शत्रूची घुसखोरी होती, काहींमागे वैयक्तिक अपमान आणि भांडणे. त्यानंतर प्रत्येक बैठकीत एक सशस्त्र पहारेकरी ठेवण्याची पद्धत आली. ती आवश्यक होती, पण भिंतीशी भरलेली बंदूक घेऊन उभा असलेला माणूस आणि मोकळा संवाद ही दोन्ही एका खोलीत सहज नांदत नाहीत. पहारा ठेवणे भागच असेल तर त्याचे कारण समकक्ष अधिकाऱ्याला आधी सांगावे आणि शक्य तर त्याच्याही विश्वासातला एक माणूस त्यात घ्यावा.

अहवाल

प्रशिक्षित सैनिकांची संख्या, वाटलेल्या रायफली, घेतलेले वर्ग असे आकडे मोजायला सोपे असतात, म्हणून तेच वर जातात. प्रत्येक सल्लागाराला आपल्या कारकिर्दीत प्रगती दाखवायची असते. तो आल्यावर तुकडीची स्थिती ‘कमकुवत’ लिहितो, जाताना ‘समाधानकारक’ लिहितो, आणि त्याच्या जागी येणारा पुन्हा ‘कमकुवत’पासून सुरुवात करतो. दहा वर्षांचे असे अहवाल एकापुढे एक ठेवले तर ती तुकडी दर वर्षी सुधारली आणि तरीही जागच्या जागी राहिली असे दिसते. त्याऐवजी तुकडीने सल्लागाराच्या मदतीशिवाय स्वतः काय केले याची नोंद करावी: रसद वेळेवर आणली का, जखमींना हलवले का, रजेवर गेलेले परत आले का. शेवटचा आकडा मनोधैर्याचे माप म्हणून मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

निघण्याची तयारी

मराठी वाचकाला या बाबतीत फार दूर जायला नको. महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये बनवा द ब्वान्य या सव्हॉयच्या अधिकाऱ्याकडून युरोपीय धर्तीच्या पायदळ पलटणी उभ्या करून घेतल्या आणि १७९० मध्ये राजस्थानातील पाटण व मेडता येथे त्या पलटणींनी आपला दरारा सिद्ध केला. त्यांची कवायत, तोफा आणि नियमित पगार यांची व्यवस्था उत्तम होती. वरच्या अधिकाराच्या जागा मात्र युरोपीय अधिकाऱ्यांच्याच हाती राहिल्या. १७९५ मध्ये द ब्वान्य निघून गेले आणि सूत्रे पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याकडे आली. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच त्यांपैकी अनेक अधिकाऱ्यांनी इंग्रजांच्या सवलती घेऊन दौलतराव शिंद्यांची नोकरी सोडली आणि खुद्द पेराँही शत्रूच्या आश्रयाला गेले. तरीही १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारी येथे त्याच पलटणी अशा लढल्या, की जिंकलेल्या इंग्रज सेनापती जनरल लेकनेच त्यांच्या शौर्याची वाखाणणी केली आणि त्यांना अधिकारी असते तर निकालाची शाश्वती नव्हती अशा आशयाचे लिहिले. शिपाई तयार झाले होते. त्यांना चालवणारे घरचे सेनानी तयार करण्याचे काम वीस वर्षांत कोणी हाती घेतले नव्हते.

म्हणून निघण्याची तारीख ठरण्याआधीच अनुपस्थितीचा सराव सुरू करावा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून अधूनमधून एक आठवडा, पूर्वसूचना न देता, छावणीत जाऊ नये. परतल्यावर काय बंद पडले याची यादी करावी. तीच पुढच्या तीन महिन्यांची कामाची यादी. उत्तराधिकाऱ्याबरोबर किमान दोन आठवडे एकत्र काढावेत आणि त्याच्या हाती दुभाष्याची शब्दसूची, मागणीपत्रांचा मार्ग, दिलेले व न पाळता आलेले शब्द आणि कोणाचे कोणाशी पटत नाही याची खाजगी टिपणे सोपवावीत. शेवटच्या महिन्यात सकाळच्या बैठकीतली आपली खुर्ची भिंतीकडे सरकवावी, मग दाराकडे, आणि शेवटच्या आठवड्यात बैठकीला जाऊच नये. निरोपाच्या जेवणाचे निमंत्रण आले तर ते मात्र आनंदाने स्वीकारावे.